लघवीत प्रोटीन ‘निल’, पण यूएसीआर ६४ : याचा हृदयाशी काय संबंध?

ओलीसुकी

नमस्कार मंडळी. दाजींच्या रिपोर्टबद्दल विचारायचं आहे, म्हणून आकडे आधीच देते.

वय ५२, वजन ७० किलो. मधुमेह सहा वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. बीपी गेल्या तिन्ही वेळा १४२/८८ च्या आसपास, त्याची गोळी अजून सुरू नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. रक्तातलं क्रिएटिनिन १.०, ईजीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) ९१. रूटीन लघवीत प्रोटीन ‘निल’.

त्याच बाटलीतल्या लघवीवर दुसरी तपासणी झाली, ती अशी : युरिन अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ५२ मिग्रॅ/लिटर, युरिन क्रिएटिनिन ८१ मिग्रॅ/डेसीलिटर, यूएसीआर म्हणजे या दोघांचं गुणोत्तर ६४ मिग्रॅ/ग्रॅम. सॅम्पल दुपारी दिलं होतं. डॉक्टरांनी ही तपासणी पुन्हा करायला सांगितली आहे आणि कागदावर ‘हृदयविकाराचा धोका वाढलेला’ असं लिहून लिपिड प्रोफाइल आणि ईसीजी मागवला आहे.

एकाच लघवीत प्रोटीन नाहीही आणि आहेही, हे कसं? क्रिएटिनिन चांगलं असताना किडनीचं सोडून हृदयाचं कुठून निघालं? आणि घरात आता डाळ, अंडी बंद करायची चर्चा चालू आहे, ते बरोबर आहे का?

परीक्षानळी

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत.

रूटीनमध्ये पट्टी बुडवतात. तिच्यावरचा प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो, अल्ब्युमिन असेल तर तो हिरवट होतो. पण हा बदल डोळ्याला दिसायला डेसीलिटरला साधारण १५ ते ३० मिग्रॅ तरी अल्ब्युमिन लागतं. दाजींचं आहे लिटरला ५२, म्हणजे डेसीलिटरला ५.२. पट्टीच्या दृष्टीने ते नाहीच. ‘वन प्लस’ यायला साधारण ३०, ‘टू प्लस’ला १०० लागतात. म्हणजे पट्टीवर रंग येईपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो. यूएसीआरमध्ये अल्ब्युमिनला चिकटणारी अँटिबॉडी वापरतात आणि किती गढूळपणा आला ते मशीन मोजतं, म्हणून लिटरला पाच-दहा मिग्रॅही सापडतं.

गुणोत्तर का काढतात, तेही पाहा. ८१ मिग्रॅ/डेसीलिटर म्हणजे लिटरला ०.८१ ग्रॅम क्रिएटिनिन. ५२ भागिले ०.८१, आले ६४. आता समजा दाजी तपासणीआधी भरपूर पाणी प्यायले आणि लघवी दुप्पट पातळ झाली. अल्ब्युमिन २६ दिसेल, क्रिएटिनिन ४०.५ दिसेल, पण भागाकार ६४ च येईल. म्हणून नुसता ‘मायक्रोअल्ब्युमिन २६’ असा एकच आकडा देणारा रिपोर्ट पाहून ‘३० च्या आत आहे’ म्हणत सुटकेचा श्वास टाकू नका. ३० ची मर्यादा गुणोत्तराची आहे.

पायऱ्या अशा : ३० च्या खाली ए१, ३० ते ३०० ए२, ३०० च्या वर ए३. काही लॅब मायक्रोग्रॅम/मिग्रॅ लिहितात, तो आकडा मिग्रॅ/ग्रॅम इतकाच असतो. पण मुलांकडे ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या आईवडिलांचे रिपोर्ट मिग्रॅ/मिलिमोलमध्ये येतात. तिथे मर्यादा ३ आणि ३० आहेत. दाजींचे ६४ तिकडे ७.२ दिसतील. आपल्या सवयीने ते वाचलं तर नॉर्मल वाटेल, आणि आहे मात्र ए२ च. ८.८४ ने गुणलं की आपला आकडा मिळतो.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे अगदी कृश वृद्ध बाईंचं गुणोत्तर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या पिळदार माणसाचं कमी. रिपोर्ट वाचताना माणूस डोळ्यांसमोर हवा.

पुढचं सॅम्पल सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी घ्या, सुरुवातीची धार सोडून मधली. दिवसभर उभं राहून, चालून काहींच्या लघवीत अल्ब्युमिन वाढतं, झोपेत ते उतरतं, म्हणून सकाळची. आदल्या २४ तासांत जोराचा व्यायाम, धावणं, गड चढणं नको. ताप, लघवीची जळजळ, मासिक पाळी असेल तर थांबा. साखर फार चढलेली असताना किंवा बीपी भडकलेलं असताना केलेली तपासणीही फुगीर येते. लॅब लांब असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नाही), २ ते ८ अंशांत आठवडाभर चालते. रोजच्या रोज आकडा बराच हलतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन सॅम्पलमध्ये ३० च्या वर आला तरच शिक्का मारायचा.

एक गोष्ट लॅबमधल्या मंडळींसाठी. पट्टीवर ‘थ्री प्लस’ आणि यूएसीआर २०-२५ अशी जोडी आली तर रिपोर्ट सोडू नका. अल्ब्युमिन अफाट असलं की अँटिबॉडी कमी पडते आणि मशीन खोटा कमी आकडा देतं. सॅम्पल पातळ करून पुन्हा चालवा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेत पट्ट्या बिघडतात, आणि पट्टी लघवीत जास्त वेळ बुडवून ठेवली तर तिच्यावरचं रसायन धुऊन जाऊन खोटा हिरवा येतो. पावसाळ्यात हे दोन्ही फार होतं.

धमनी

हृदयाचा प्रश्न. यातली गोम किडनीपेक्षा रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. रक्तद्रवात लिटरला सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. म्हणजे गाळणी नसती तर त्या पाण्याबरोबर दिवसभरात सात किलोच्या आसपास अल्ब्युमिन वाहून गेलं असतं, आणि निरोगी माणसाच्या लघवीत ३० मिग्रॅसुद्धा उतरत नाही. इतकी घट्ट गाळणी कशामुळे? केशवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर साखर-प्रथिनांचा एक बुळबुळीत थर असतो, त्यावर ऋण विद्युतभार असतो. अल्ब्युमिनवरही ऋणच असतो, त्यामुळे ते मागे ढकललं जातं. शिवाय त्यामागे गाळणीचा पडदा आणि त्याला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी.

वाढलेली साखर, बीपी, तंबाखू यांनी हा आतला थर झिजतो. तोच थर हृदयाच्या, मेंदूच्या, डोळ्यांच्या वाहिन्यांतही आहे. तिथे झिजला तर कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात, वाहिनी गरजेनुसार सैल होईनाशी होते. पण तिथलं गळणं मोजायला बाटली लावता येत नाही. लघवीत लावता येते. भिंतीत पाणी कुठेही मुरत असो, ओल आधी दिसते ती इथे.

हा विचार डेन्मार्कमधून पुढे आला. मोगेन्सेन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांच्या लघवीत थोडं अल्ब्युमिन असेल तर ती माणसं लवकर दगावतात. १९८९ मध्ये स्टेनो रुग्णालयाच्या डेकर्ट आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट मांडलं की अल्ब्युमिन गळणं म्हणजे अंगभरच्या रक्तवाहिन्यांना इजा झाल्याचं लक्षण. मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात १९९७-९८ मध्ये सर्वसामान्य नागरिकांना टपालाने बाटल्या पाठवून चाळीस हजारांहून अधिक लोकांची लघवी तपासली. अल्ब्युमिन दुप्पट झालं की हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका २९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. ही सगळी मधुमेहाची माणसं नव्हती, हे लक्षात घ्या.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लाखाहून अधिक लोकांचा एकत्रित हिशेब आला. यूएसीआर ५ असलेल्यांचा मृत्यूचा धोका १ धरला, तर १० ला १.२, ३० ला १.६३ आणि ३०० ला २.२२. वय, बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांचा परिणाम वजा करून उरलेला हा धोका आहे आणि तो ईजीएफआरवर अवलंबून नाही. म्हणून ‘क्रिएटिनिन १.० आहे, मग काय’ हे उत्तर पुरत नाही. आणि हेही पाहा, की ३० ही काही धोक्याची सुरुवात नव्हे. धोका १० पासूनच चढायला लागतो. ३० ही रेघ आपण सोयीसाठी ओढली आहे.

दाजींची पुनर्तपासणीही वाढलेली आली आणि हे तीन महिने टिकलं, तर ईजीएफआर ९१ असूनही कागदावर ‘जी१ ए२’ (जी१ म्हणजे गाळण्याचा वेग चांगला, ए२ म्हणजे गळती मधली) असा किडनीचा दीर्घकालीन आजार लिहिला जाईल. त्या शब्दांनी घाबरू नका, डायलिसिस फार दूरची गोष्ट आहे. या टप्प्यावरच्या माणसाला किडनी निकामी होण्यापेक्षा हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअर आधी गाठण्याची शक्यता जास्त, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी हृदयाचं लिहिलं. त्यांनी नेमकं काम केलंय. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये आणलेल्या ‘प्रिव्हेंट’ या धोका मोजण्याच्या गणितातही यूएसीआर भरायची जागा आहे.

खंत वाटते ती एका गोष्टीची. टाइप २ मधुमेहात निदानाच्या दिवशी आणि मग दरवर्षी, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी ही तपासणी व्हायलाच हवी. बीपीच्या प्रत्येक रुग्णाचीही व्हायला हवी. प्रत्यक्षात क्रिएटिनिन आणि रूटीन लघवी करून फाइल मिटते. पॅकेजमध्ये ‘युरिन रूटीन’ आहे म्हणजे हे झालं असं समजू नका, नाव घेऊन यूएसीआर मागा.

ओलीसुकी

खूप आभार, पहिल्यांदाच नीट कळलं. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू करू असं डॉक्टर म्हणाले आहेत. ओळखीच्या एकांनी सांगितलं की त्या गोळीने क्रिएटिनिन वाढतं, किडनी खराब होते. आणि डाळ-अंड्यांचं राहिलं.

मात्रा

गाळणीच्या गुच्छात रक्त आणणारी एक नळी आणि बाहेर नेणारी एक नळी. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं बाहेरची नळी सैल करतात. आतला दाब उतरतो, गळती कमी होते. दाब उतरला की गाळण्याचा वेगही थोडा उतरतो, म्हणून क्रिएटिनिन जरा चढतं. दाजींचं १.० आहे, ते १.२ किंवा अगदी १.३ झालं तरी ३० टक्क्यांच्या आत आहे, गोळी चालू ठेवायची. त्याहून वाढलं तर मात्र कारण शोधायचं : जुलाब, पाणी कमी पडणं, वेदनाशामक गोळ्या, किंवा किडनीच्या धमनीतच अडथळा.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं. इथे हमखास चूक होते, लोक तीन महिन्यांनी येतात. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर तातडीने डॉक्टरांना दाखवा. दुसरी चूक म्हणजे टेल्मिसार्टनच्या ४० मिग्रॅ डोसवर बीपी आटोक्यात आलं की तिथेच थांबणं. गळतीसाठी सोसेल तितका पूर्ण डोस, टेल्मिसार्टनचा ८० मिग्रॅ, गाठायचा असतो. रामिप्रिल-एनालाप्रिल गटाने कोरडा खोकला लागला तर टेल्मिसार्टन-लोसार्टन गटात बदलतात, पण दोन्ही गट एकत्र कधीच नाही. २००८ च्या ‘ऑनटार्गेट’ या औषध-चाचणीत दोन्ही देऊन पाहिले : हृदयाला जास्त फायदा नाही, किडनी आणि पोटॅशियमचा त्रास वाढला. गर्भारपणात दोन्ही गट वर्ज्य. मूल हवं असणाऱ्या बाईंनी आधीच डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यायचं.

यूएसीआर वाढलेला आहे हे पक्कं झालं की मधुमेहात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्यांबद्दल विचारा. साखरेपलीकडे ही औषधं हार्ट फेल्युअर आणि किडनी दोन्हींना आधार देतात. पेटंट संपल्यामुळे दोन्ही आता जेनेरिकमध्ये मिळतात. लघवीतून साखर जाते, म्हणून जननेंद्रियाला बुरशी लागू शकते. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडं करणं हा साधा उपाय. उलट्या, जुलाब, खाणं बंद अशा दिवशी ही गोळी थांबवायची, ठरलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधीही थांबवायची. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आधी सांगायलाच हवं, कारण साखर फार न वाढताही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साठून माणूस गंभीर होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणं आली की साखर १८० आहे म्हणून घरी बसू नका.

पन्नाशीच्या पुढे, मधुमेह आणि वर ही गळती, म्हणजे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी जवळजवळ ठरलेलीच. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ‘नॉर्मल’ छापून आलं म्हणून नको म्हणू नका. बीपी १३०/८० च्या खाली आणायचं. अॅस्पिरिन मात्र मनाने सुरू करू नका, रक्तस्रावाचा हिशेब वेगळा असतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून खाणं बंद. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना ही तिसरी पोटात गेली की चांगली किडनीही बसते.

तंबाखू सुटलीच पाहिजे, मिशरी धरून.

चवीपुरतं

डाळ-अंडी बंद करू नका, हात जोडून सांगते.

हिशेब करून पाहा. दाजींचं दिवसभराचं अल्ब्युमिन फार तर शंभर मिग्रॅच्या आसपास जात असेल. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे सहा हजार मिग्रॅ प्रथिनं असतात. जे गळतंय ते अंड्यातून आलेलं नाही, रक्तातलं आहे. अंडी बंद केल्याने गाळणीची भोकं बुजत नाहीत आणि जास्त खाऊन भरपाई करायचीही गरज नाही. किलोला ०.८ ग्रॅम धरा, ७० किलोला ५६ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर उसळ, एक अंडं, दही आणि पोळी-भाकरीतलं मिळून एवढं सहज होतं. बंद करायचा तो व्यायामशाळेतल्या प्रोटीन पावडरीचा डबा.

खरी चावी मिठात आहे. मीठ जास्त असलं की टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा गळती थांबवण्याचा गुण निम्म्यावर येतो, मग गोळी बदलत बसतात. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं आलं. घरचं मीठ मोजायची सोपी युक्ती : पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चार माणसं, ३० दिवस, ५ ग्रॅम, झाले ६०० ग्रॅम. एक किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर लोणचं, फरसाण, वडापाव, बेकरीचं न मोजताच मर्यादा ओलांडलेली आहे. पोळीच्या कणकेतलं आणि भाताच्या पाण्यातलं मीठ आधी काढा, काही आठवड्यांत जीभ सरावते. ताटात वाढायचं मीठ ठेवूच नका. पापडात नुसतं मीठ नसतं, पापडखारही असतो, तोही सोडियमचाच. उपासाला सैंधव चालतं म्हणतात, पण तेही सोडियम क्लोराइडच, त्याला सूट नाही.

‘लो सोडियम’ मिठाचा पुडा आणू नका, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि टेल्मिसार्टनने पोटॅशियम आधीच चढतं. लिंबू, आमसूल, जिरेपूड, भाजलेला लसूण यांनी चव भरून काढा.

रानवाट

विषय चालू आहे म्हणून विचारतो. मधुमेह, बीपी नाही, वय ३८. लघवीला फेस येतो. हृदयाचं काही असेल का?

परीक्षानळी

नुसत्या फेसावरून काहीच ठरत नाही. उंचावरून जोरात धार पडली किंवा सकाळची लघवी गडद असली तरी फेस येतो, आणि दाजींसारख्या ६४ ला फेस मुळीच येत नाही. रूटीन लघवी आणि सकाळच्या पहिल्या लघवीचं यूएसीआर करा, प्रश्न मिटेल.

मात्र पट्टीवर टू प्लस किंवा थ्री प्लस, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा, किंवा लघवीत लाल पेशी, यातलं काही असेल तर ती वेगळी वाट आहे. ‘थोडी गळती’ म्हणून सोडू नका, नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) त्याच आठवड्यात. त्यांना गोरेपणाची क्रीम आणि भस्मं-काढे यांबद्दल न विचारता सांगा. पारा असलेल्या अशा गोष्टींनी ऐन तरुण माणसाच्या लघवीतून भरमसाट प्रोटीन जातं आणि या गोष्टी वेळीच बंद केल्या तर बहुतेकदा ते थांबतं.

धमनी

यात एक भर. गर्भारपणात वीस आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीत प्रोटीन गेलं असेल, तर बाळंतपणानंतर सगळं नॉर्मल होऊनही पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट राहतो. वीस वर्षांपूर्वीची ती नोंद बाईंनी आज डॉक्टरांना सांगायला हवी. बहुतेक जणींना कुणी विचारतही नाही.

परीक्षानळी

ओलीसुकी, एक राहिलं. टेल्मिसार्टन सुरू व्हायच्या आधी या आठवड्यातच सकाळचं सॅम्पल देऊन घ्या. गोळी गळती कमी करते, त्यामुळे नंतर केलेली तपासणी ३० च्या आत आली तर मूळ आकडा खरा होता की दुपारच्या सॅम्पलचा दोष, हे कधीच कळणार नाही. पण तीनही सॅम्पल पुरी होण्यासाठी गोळी अडवून ठेवू नका, तीन-तीनदा १४२/८८ आलेल्या बीपीला ती तशीही लागणारच आहे. त्यानंतरची तपासणी तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळचंच सॅम्पल. ६४ चे ५५ झाले तर त्याला सुधारणा म्हणू नका, एवढं तर रोजचं हेलकावणं असतं. ४५ च्या खाली आले आणि पुढच्या वेळीही तिथेच राहिले, तर औषध लागू पडतंय.